आधी करार, मग बाग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उद्योग गेल्यावर ओस पडणाऱ्या शहरांच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा रंगवलेल्या भिंती, कारंजी आणि वृक्षारोपणाची छायाचित्रे यांपाशीच थांबते. खरा प्रश्न जमीन कोणाच्या ताब्यात, किती काळ आणि कोणत्या अटींवर राहणार, हा असतो. पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहराचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

जर्मनीच्या एकीकरणानंतर तेथील कारखाने काही वर्षांतच धडाधड बंद पडले. १८८४ साली सुरू झालेली आणि एके काळी युरोप खंडातील सर्वांत मोठ्या सूतगिरण्यांत गणली जाणारी प्लागविट्झ भागातील गिरणीही त्यातून सुटली नाही. माणसे कामासाठी पश्चिमेकडे किंवा नव्या उपनगरांत गेली. १९८९ साली सुमारे ५ लाख ३० हजार असलेली लोकसंख्या १९९८ पर्यंत ४ लाख ३७ हजारांवर आली आणि २००० च्या सुमारास सुमारे ६० हजार घरे रिकामी पडली होती.

अशा वेळी महापालिकेने सर्व पडीक जागा विकत घेण्याचा हट्ट धरला नाही (तेवढा पैसाही नव्हता). तिने खासगी मालकांशी मुदतीचे करार केले. मालकाने आपला रिकामा भूखंड काही वर्षे लोकांच्या वापरासाठी खुला ठेवायचा, त्या बदल्यात त्याला मालमत्ता करात सूट मिळायची आणि मालकी व बांधकामाचा हक्क त्याच्याकडेच राहायचा. जिथे राडारोडा आणि झुडपे होती, तिथे वस्तीतील लोकांनी भाजीचे वाफे केले, मुलांना खेळायला जागा केली.

इमारतींच्या बाबतीत ‘हाउसहाल्टन’ या २००४ साली स्थापन झालेल्या संस्थेची युक्ति मला अधिक शहाणपणाची वाटते. वाहत्या रस्त्यांवरील, भाडेकरू मिळत नसलेली शंभरेक वर्षांची जुनी घरे तिने कलाकार, कारागीर आणि लहान संस्थांना साधारण पाच वर्षांसाठी मिळवून दिली. त्यांनी भाडे द्यायचे नाही, फक्त वीज, पाणी, विमा असा चालू खर्च उचलायचा आणि आतली डागडुजी स्वतः करायची. घरात माणूस असला की छपराची गळती पहिल्याच पावसात लक्षात येते, नळ फुटला तर त्याच दिवशी बंद होतो आणि काचा फोडणारेही फिरकत नाहीत. मालकाची वास्तू अशी आयतीच राखली गेली. दर्शनी भिंतीवरच्या मोठ्या पिवळ्या फलकावरून ही राखणदार घरे लांबूनही ओळखू येत.

मात्र या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे उदाहरण देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लाइपझिगची लोकसंख्या पुन्हा वाढून आता सहा लाखांच्या वर गेली आहे. वस्ती राहण्याजोगी झाली, भाडी चढली आणि मुदती संपताच मालकांना बांधकामाची आठवण झाली. ज्या लोकांनी माती सुधारली त्यांपैकी काहींना तीच जागा सोडावी लागली. करारात ‘पुढे काय’ याचे उत्तर नव्हते.

मुंबईच्या गिरणगावाचा प्रश्न वेगळा होता, कारण तिथे जमिनीचा भाव कधी पडलाच नाही. तरी धडा तोच आहे. १९९१ च्या विकास नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक असे तीन वाटे व्हायचे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरणगावाच्या वाट्याला येऊ शकणारी मैदाने कागदावरच आटली.

सोलापूरसारख्या शहरांत बंद गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या जागांबाबत निर्णय घेताना महापालिकांनी मुदतीच्या करारांचा मार्ग जरूर अवलंबावा. परंतु मुदत संपल्यावर किमान काही भाग पूर्वी ठरलेल्या सूत्राने विकत घेण्याचा पहिला हक्क महापालिकेला असावा आणि देखभाल करणाऱ्या रहिवासी मंडळाशी वेगळा लेखी करार असावा. मालमत्ता करातील सूट या दोन अटी मान्य करणाऱ्या मालकालाच द्यावी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
परळ, मुंबई