हललेल्या फोटोंचा हिशोब

सेलू,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोन आदळलास. "कॅमेऱ्याची बॉडी बदलल्याशिवाय या सीझनला लग्नाचे फोटो काढायला मी मांडवात उभी राहत नाही," असं म्हणालीस. दुकानात असलो की मला फोनवर धड बोलता येत नाही. पासपोर्ट फोटोच्या खुर्चीवर कुणाचं तरी लेकरू रडत असतं. म्हणून लिहायलो.

दिवाळीत तू तुझं कार्ड माझ्या कॉम्प्युटरवर रिकामं करून गेलीस. त्यातले चांगले फोटो तू दाखवलेच होते. मी तीन रात्री बसून नासलेले बघितले. आई म्हणाली, काय एवढं टक लावून बघायलात? म्हटलं, लेकीला काय पाहिजे ते बघायलोय. आता डिजिटलमध्ये प्रत्येक फोटोच्या पोटात सगळी नोंद असते, शटर किती वेळ उघडं होतं, अपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं होतं (आकडा लहान तेवढं तोंड मोठं), आयएसओ म्हणजे उजेड टिपायची ताकद किती लावली होती. आम्ही रोलच्या काळात हे वहीत लिहायचो, आणि लग्नाच्या गडबडीत ती वहीच हरवायची.

अजिंठ्याचे घे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर तुझे अकरा फोटो आहेत, अकराही हललेले. सगळ्यांवर आयएसओ ३२००, अपर्चर ५.६ आणि शटर १/८ सेकंद. तिथं फ्लॅश चालत नाही, उजेडही मुद्दाम मंद ठेवलेला. तुझी १८-५५ची लेन्स झूम पुढं नेली की ५.६च्या वर उघडतच नाही. तिच्यातलं स्टॅबिलायझर तुझा हात सांभाळतं, पण मागून धक्के देणारी शाळेची सहल सांभाळत नाही. त्याच जागी ५० एमएमची १.८ लेन्स असती तर जवळजवळ दहापट उजेड आत आला असता. १/८चं शटर १/८० झालं असतं. बॉडी तीच, तुझी कॅननची १३००डी.

आता तू मागतेस ती कॅननची जुनी ६डी. फुलफ्रेम आहे, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा, अंधारात ती तुझ्या कॅमेऱ्यापेक्षा बरीच पुढं आहे, हे मी नाकारत नाही. पण बेचाळीस हजार सांगितलेत ते नुसत्या बॉडीचे. तुझ्याकडच्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही ईएफ-एस लेन्सा आहेत, छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या. त्या ६डीवर बसतच नाहीत. मग बेचाळीस हजारांची बॉडी गळ्यात अडकवून तू हळदीला काय लावणार, झाकण? तुझे बावीस आणि माझे पंधरा मिळून सदतीस होतात. त्यात ती बॉडीसुद्धा येत नाही, लेन्स तर लांबच.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तुझ्या आजोबांनी ती आयुष्यभर सांगितली. १९९६ साली मी पाव्हण्यांकडून उचल घेऊन निकॉनची एफएम२ घेतली होती. माझी पेंटॅक्स के१००० चांगली चालत होती, पण शेजारच्या दुकानदाराच्या गळ्यात निकॉन दिसली आणि माझं डोकं फिरलं. सगळा पैसा बॉडीत गेला. फ्लॅश तोच जुना, त्याची वायर ढिली झालेली, ती बदलायची राहून गेली. जिंतूरकडच्या एका लग्नात हळदीचा अख्खा रोल मारला. औरंगाबादहून धुऊन आला तेव्हा छत्तीसपैकी चार फोटो दिसत होते, बाकी काळे. नवरीच्या बापानं एक शब्द सुनावला नाही, नुसता रोल हातात घेऊन बसला. ती वायर शंभराच्या आतली होती.

म्हणून आधी बघ, तुझे फोटो नेमके कुठं जातायत.

हळदीचे घे. रात्र, पिवळे बल्ब, वरून रंग बदलणारे एलईडी. तिथं माणसं हलतात, स्टॅबिलायझरचा काही उपयोग नाही. तू कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उघडलास आणि नवरीच्या कपाळावर पांढरा डाग, मागं काळोख. तुला वर फिरणाऱ्या डोक्याचा वेगळा फ्लॅश पाहिजे. गोडॉक्सचा साधा, हातानं पॉवर ठरवायचा, मी विचारला, सात हजारांच्या आत बसतो. घरात असशील तर छतावर मार, पांढऱ्या छतावरून मऊ उजेड येतो. मांडवात मात्र वर कापड बघितल्याशिवाय मारू नकोस. आपल्याकडं मांडव गुलाबी-पिवळा असतो, आणि उजेड त्या कापडाचा रंग घेऊन खाली उतरतो. सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. अशा वेळी बाजूला पांढरा शर्ट घातलेला कुणी जाड पाव्हणा सापडला तर त्याच्यावर मार. हसू नकोस, मी हे केलेलं आहे.

अंतरपाटाचा तुझा राग मला पटला. सावधान म्हणताच अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, आणि नेमका तेव्हा तुझा कॅमेरा दम खातो. १३००डी सेकंदाला तीनच फोटो काढते आणि रॉमध्ये, म्हणजे न आवळलेल्या मोठ्या फाइलमध्ये, सहाएक झाले की थांबते. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की जेपेगच्या छोट्या फाइलवर टाक, मग चांगल्या कार्डावर ती थांबत नाही. फोकस मधल्या बिंदूवर ठेव. नऊ बिंदूंत तो एकच क्रॉस टाइपचा, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा धरणारा, आहे, अंधारात तोच खरा पकडतो.

पन्नासची लेन्स घेतलीस तर एक ध्यानात ठेव. १.८वर दोन मीटरवरून अर्धी वीतभर जागाच स्पष्ट येते. नवरीवर फोकस केला तर शेजारचा नवरदेव धूसर, आणि पैसे बहुतेक त्याच्याच बापाकडून यायचे असतात. जोडीला २.८ किंवा ४ ठेव. शिवाय तुझ्या कॅमेऱ्यावर पन्नास ही ऐंशीसारखी लांब दिसते, म्हणून पंगत आणि मोठ्या ग्रुपला १८-५५च लावायची.

मेगापिक्सेलचं तू बोललीसच, तर तेही. तुझा १८ मेगापिक्सेलचा फोटो ५१८४ ठिपके लांब असतो. १८ इंचांवर छापला तर इंचाला २८८ ठिपके पडतात, लॅबवाला ३०० मागतो. एवढा फरक कुणाच्या सासूला दिसणार आहे? अन् अल्बमच्या १२ बाय ३६ इंचांच्या पानावर तू एकच फोटो क्वचित पसरतेस.

तर लेन्स दहाच्या आसपास, फ्लॅश सात, एक जास्तीची बॅटरी आणि दोन कार्डं धरून वीस हजारांत हा सीझन निघतो. उरलेले सतरा हलवू नकोस. मोठ्या घरचं लग्न आलं तर संभाजीनगरात बॉडी भाड्यानं मिळते, एका दिवसासाठी घे. वापरून बघितल्याशिवाय हातात काय बसतं ते कळत नाही.

सीझन संपल्यावर कॅननचीच जुनी ८०डी बघू. फोकसचे ४५ बिंदू, सगळे क्रॉस टाइप, सेकंदाला सात फोटो, आणि तुझ्या सगळ्या लेन्सा तिच्यावर बसतात. पुढं कधी कॅननचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, घेतलास तरी ॲडॅप्टर लावून याच लेन्सा चालतील. सगळे मिररलेसकडं पळायलेत, तोवर आपल्यासारख्यांना आरशाच्या जुन्या डीएसएलआर परवडायल्यात.

जुनी घ्यायला एकटी जाऊ नकोस, मी येतो. शटर किती वेळा पडलं ते कॅननच्या फोटोत बहुतेक लिहिलेलं नसतं, सर्व्हिस सेंटरला नाहीतर सॉफ्टवेअर लावून बघावं लागतं. ८०डीचं शटर एक लाखाचं धरतात. अपर्चर २२ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते. आपल्याकडच्या कॅमेऱ्यात धूळ निघणारच, सोयाबीनच्या मळणीत तू लेन्स बदललीस तेव्हा मी काही बोललो नव्हतो. मुंबई-कोकणाकडून आलेला असेल तर लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघायची. बिलावरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळवायचा.

आणखी एक. मांडवातला तो व्हिडिओवाला तुझा कॅमेरा बघून "खेळण्यातला आहे का" म्हणाला, हे तू मला सांगितलं नाहीस, आईला सांगितलंस. मला राग आला. बेचाळीस हजारांतले निम्मे त्याच्यासाठीच होते हे मी ओळखलं, कारण माझ्या एफएम२चेही तसेच होते. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही, सुचलं की कळवतो.

पंधरा हजार उद्या खात्यावर टाकतो. शनिवारच्या गाडीनं आलीस तर आई शेंगोळे करणार आहे. कॅमेरा घेऊन ये, आणि अजिंठ्यानंतरचे फोटो कार्डात असतील तसेच राहू दे. हललेलेही. ते पुसू नकोस, मला बघायचेत.

तुझे अप्पा