मित्रास पत्र : लाव्हाच्या भुयारातून

रेक्याविक, आइसलँड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू भूगोल शिकवतोस, म्हणून कालच्या सहलीविषयी सर्वांत आधी तुलाच लिहितो आहे. सह्याद्रीचे कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे आपण शाळेत शिकलो. पण तो दगड वाहत असताना कसा वागला असेल, हे मला इथला कोवळ्या वयाचा बेसाल्ट पाहूनच उमगले.

सकाळी आम्ही रेक्यानेस द्वीपकल्पाकडे निघालो. दोन्ही बाजूंना काळा, खडबडीत लाव्हा पसरलेला होता आणि जुन्या प्रवाहांवर करड्या-हिरव्या शेवाळाचा जाड थर होता. एकदा तुडवलेले हे शेवाळ पुन्हा वाढायला दशके लागतात, त्यामुळे त्यावर पाय ठेवू नये, असे इथे आवर्जून बजावतात. सेल्टून येथे उकळता चिखल आणि गंधकाने पिवळी पडलेली माती यांच्यामधून लाकडी पायवाट जाते. सुमारे 800 वर्षांच्या शांततेनंतर 19 मार्च 2021 रोजी याच द्वीपकल्पावर उद्रेक झाला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिंडाविक हे मासेमारीचे गाव एका रात्रीत रिकामे करावे लागले. ते गाव इथून फार दूर नाही, हा विचार वाटेत सारखा मनात येत होता.

तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने आम्ही राउफारहोल्सहेलिर या गुहेपाशी आलो. सुमारे 5200 वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहात तयार झालेली ही गुहा 1360 मीटर लांब असून काही ठिकाणी 30 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच आहे. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा वाहत्या लाव्हाचा पृष्ठभाग आधी थिजतो, ते कवच आतली उष्णता राखते आणि त्याखालून लाव्हा न गोठता मैलोगणती पुढे जातो. ज्वालामुखीच्या मुखाकडून पुरवठा थांबला की उरलेला लाव्हा उताराने निघून जातो आणि मागे पोकळ भुयार राहते. याच गुहेच्या लाव्हाप्रवाहाची दुसरी शाखा आजच्या रेक्याविकच्या हद्दीत समुद्रापर्यंत पोहोचली होती, हे कळल्यावर अशा भुयारांचे सामर्थ्य माझ्या ध्यानात आले.

प्रवेशापाशी छत जागोजागी कोसळले आहे आणि त्या भोकांतून प्रकाश खाली शिळांच्या ढिगावर पडतो. आत भिंतींवर आडव्या कडा दिसतात. लाव्हाची पातळी जिथे काही काळ स्थिरावली, तिथे त्या उमटल्या आहेत, त्यामुळे प्रवाह कसा ओसरत गेला ते खालपर्यंत वाचता येते. छताला वितळून पुन्हा थिजलेल्या दगडाची टोके लोंबतात, तर लोहाच्या ऑक्सिडीकरणाने काही भाग विटकरी लाल झाला आहे. मार्गदर्शक मुलीने सर्वांना दिवे मालवायला सांगितले, तेव्हा डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही मला दिसेना. त्या अंधारात हात भिंतीवर टेकवून मी उभा राहिलो. एकेकाळी इथून हजार अंशांहून अधिक तापलेला दगड वाहिला होता आणि आता तीच भिंत बर्फासारखी गार लागत होती.

पुढे केरिदचे ज्वालामुखी विवर पाहिले. लाल उतारांच्या तळाशी निळसर पाणी आहे. ते सुंदर आहे, पण गुहेनंतर माझे मन तिथे फारसे रमले नाही.

परतताना हेल्लिसहेइदीचे भूऔष्णिक वीजकेंद्र लागले. तिथे कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात आणि त्यातला बहुतेक वायू दोन वर्षांच्या आत खनिज बनून दगडातच अडकतो. इथल्या तरुण बेसाल्टची छिद्रे अजून बरीच मोकळी आहेत. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये मात्र ती पुष्कळ ठिकाणी झिओलाइट या खनिजाने भरलेली आहेत. अशा जुन्या दगडात हा प्रयोग कितपत साधेल, हे मला तुझ्याकडून समजून घ्यायचे आहे. सवडीने सविस्तर लिही. भिंतीवरच्या कडांची छायाचित्रे सोबत पाठवतो आहे, ती वर्गातल्या मुलांना जरूर दाखव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश