पानिपतची पत्रं शोधायची कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'घरबसल्या इतिहास' या चौकटीत आपण 12 संकेतस्थळं सुचवलीत. बाराही इंग्रजी. मराठी दैनिकाने मराठी मुलांसाठी काढलेल्या पानावर मराठी विश्वकोशाचं नावसुद्धा नसावं, याचं फार वाईट वाटलं. त्याचे 20 खंड नेटवर फुकट वाचता येतात, तेही आपल्या भाषेत.

पण माझी खरी तक्रार निराळीच आहे. आपल्या यादीतली बहुतेक स्थळं इतिहास सांगतात. तो ज्यांवरून लिहिला गेला ते कागद दाखवत नाहीत. शाळकरी पोरांना तेवढं पुरेल. एम. ए. करणाऱ्यांनी काय करायचं?

आमच्या आळीतला एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, यंदा एम. ए. करतो आहे. पानिपतच्या मोहिमेत फौजेचे दाणावैरणीचे हाल कसे झाले, यावर त्याला निबंध लिहायचा आहे. गेल्या महिन्यात घरी आला आणि म्हणाला, "बाई, सगळीकडे एकच मजकूर फिरतोय. मूळ पत्र कुठेच नाही." मी म्हटलं, अरे, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा पहिला खंड उघड. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा 1898 साली निघालेला तो खंड म्हणजे 1750 ते 1761 या काळातली पत्रंच आहेत. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

तीन रात्री गेल्या. देवनागरीत नाव घातलं की पुस्तकं विकणारी दुकानं पुढे येत. शेवटी तो सापडला एका मोठ्या योजनेत स्कॅन झालेल्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात. नाव रोमन लिपीत, 'मराठ्यांच्या' या एका शब्दात मध्येच अवतरणचिन्हं घुसलेली, लेखकाची जागा रिकामी, खंडाचा क्रमांक कुठेच नाही. राजवाड्यांचे खंड 22. म्हणजे एकेक उतरवून घ्यायचा, मुखपृष्ठ बघायचं आणि नको तो निघाला की पुढचा. चौथ्या खेपेला पहिला खंड हाती आला, तर मधली 16 पानं गायब. बांधणीतून अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा जुडगाच निसटलेला असावा. स्कॅन करणाऱ्याने पानांचे आकडे एकदा पाहिले असते तरी कळलं असतं. मुलाचा चेहरा मला बघवेना.

जी पानं आहेत ती नुसती चित्रं. त्यांत शब्द शोधता येत नाही. 'वैरण' हा शब्द कुठे कुठे आला आहे, हे पाहायला त्याने सगळी पत्रं डोळ्यांखालून घातली. त्याने पत्रं वाचली याचा मला आनंदच आहे. पण ज्याला नोकरी सांभाळून शिकायचं आहे त्याला हे कसं जमणार? इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातल्या निवडक कागदांच्या, 45 भागांच्या वाटेला तो अजून गेलेलाच नाही.

आणि पत्र सापडलं म्हणजे काम झालं असंही नाही. वर्ष लिहिलेलं असतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1161. हा शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी आकड्यांनी लिहिलेलं वर्ष, मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे 600. पानिपतची लढाई, पौष शुद्ध 8 शके 1682, म्हणजेच 14 जानेवारी 1761, ती याच सालातली. दोन मिनिटांचं गणित आहे, पण कुणीतरी सांगायला हवं ना! शिवकाळाचंही तसंच. महाराजांची जन्मतारीख एका ठिकाणी 19 फेब्रुवारी 1630 आणि दुसरीकडे 1 मार्च दिसली की मुलं गोंधळतात, क्वचित भांडतातही. पहिली जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची, दुसरी आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेची. दिवस एकच, फाल्गुन वद्य 3 शके 1551. आपल्या चौकटीत निदान एवढ्या चार ओळी यायला हव्या होत्या. मी 31 वर्षं इतिहास शिकवला. मुलं कुठे अडतात ते मला माहीत आहे.

राजवाडे ही दप्तरं मिळवण्यासाठी गावोगाव वणवण फिरले. वाळवीच्या तोंडून काढलेले ते कागद आज मुलांच्या मोबाइलपर्यंत पोचले आहेत आणि केवळ चुकीचं नाव पडल्यामुळे कुणाला सापडत नाहीत, हे मला सहन होत नाही. आपल्या वाचकांत ग्रंथपाल आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. खंड, वर्ष, आत काय आहे आणि तो नेमका कुठे मिळतो, एवढं दर रविवारी एका खंडाबद्दल छापलंत तर 22 आठवड्यांत राजवाडे पूर्ण होतील. पहिल्या खंडाची माहिती आणि गायब पानांचे आकडे मी लिहून ठेवले आहेत, ते पाठवते.

आणखी एक. चौकटीत स्थळांची नावं आहेत, पण पत्ते अक्षरांत नाहीत. त्याऐवजी नखाएवढे क्यूआर कोड, तेही करड्या रंगावर. माझ्या फोनने 12 पैकी 3 वाचले. शेजारच्या जाहिरातीतला कोड तळहाताएवढा होता, तो लगेच उघडला. पुढच्या वेळी कृपया पत्ते अक्षरांत छापा आणि ठसा जरा मोठा घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा