‘मोहीम’ म्हणजे गुणांची खिरापत नव्हे

मा. संपादक,
स. न.

खेळावर आधारलेले शिक्षण-मंच (संगणकावरचे प्लॅटफॉर्म) विकणारे प्रतिनिधी हल्ली मुख्याध्यापकांच्या दालनात नेहमी दिसतात. दाखवतात ते बहुतेक सारखेच: चमकणारी पदके, नाणी आणि मुलांची नावे वरखाली सरकवणारा क्रमवारीचा तक्ता. ‘क्वेस्ट’ म्हणजे मोहीम पद्धतीचा जीव मात्र त्यात नाही. मोहिमेत मूल समोरच्या कामांतून एक निवडते, जमले नाही तर शेऱ्यासकट परत घेते, दुरुस्त करून पुन्हा देते, आणि मान्य झाले की पुढचे दार उघडते. नापास अशी नोंदच नसते. ‘मान्य’ किंवा ‘परत’, बस. अमेरिकेतील बॉयसी स्टेट विद्यापीठात तयार झालेला ‘थ्रीडी गेमलॅब’ हा मंच याच तत्त्वावर चालत असे. म्हणून मंच घेण्याआधी एकच गोष्ट विचारावी: काम परत पाठवता येते का, आणि परत आलेल्या कामाचे गुण कापले जातात का? कापले जात असतील तर तो वेष बदललेला गृहपाठ.

आठवीच्या विज्ञानातला ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा पाठ घेऊ. १४ मोहिमा, प्रत्येकी १०० गुण, एकूण १४००. पाठ पुरा करायला लागतात १०००. चार मोहिमा सोडण्याची मुभा हीच मुलाची निवड. मात्र तीन मोहिमा सक्तीच्या ठेवाव्यात, नाहीतर शब्दकोडी आणि चित्रे रंगवूनच हजार गाठणारे निघतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. हजेरी लावली, पान उघडले, लॉगिन केले याला गुण देऊ नयेत. मुले पानेच उघडत बसतात.

त्यातली एक मोहीम: ‘लिंबावर लाल एलईडी पेटवा.’ साहित्य चार लिंबे, जस्ताचा मुलामा दिलेले चार खिळे, तांब्याच्या तारेचे चार तुकडे आणि जोडायला वायर. एका लिंबाचे विभवांतर सुमारे ०.९ व्होल्ट, लाल एलईडीला लागते १.८ च्या आसपास. म्हणजे कागदावर दोन लिंबे पुरतात. प्रत्यक्षात पुरत नाहीत. लिंबाचा अंतर्गत रोध इतका मोठा, की एलईडी जोडताच विभवांतर खाली येते. तीन लिंबांवर कुठे मिणमिण, चारांवर खिडकी लावून घेतली तर दिसण्याइतका उजेड. फसते ते तीन ठिकाणी. खिळा आणि तार लिंबाच्या पोटात एकमेकांना टेकलेले असतात, एलईडीचा लांब पाय तांब्याऐवजी खिळ्याकडे जोडलेला असतो, किंवा खिळा साधा लोखंडी असतो. (आणि त्या लिंबांचे सरबत करायचे नाही, जस्त रसात उतरलेले असते.) ‘मान्य’ केव्हा, हे मोहिमेच्या पानावर आधीच लिहिलेले हवे: जोडणीचा फोटो, चिन्हे वापरून परिपथाची आकृती, आणि दोन लिंबे का पुरली नाहीत याचे एका वाक्यात कारण. फोटो आहे पण कारण नाही, तर काम परत. निकष आधी लिहिले नाहीत तर प्रत्येक मुलाशी वेगळा वाद घालावा लागतो.

आता तपासणी. ४० मुले, आठवड्याला तीन मोहिमा, म्हणजे १२० कामे. दोन मिनिटांत एक धरले तरी चार तास. जूनमध्ये वाजतगाजत सुरू झालेले मंच गणपतीपर्यंत थंडावतात ते बहुधा इथेच. त्यामुळे निम्म्या मोहिमा आपोआप तपासल्या जाणाऱ्या चाचणीच्या असाव्यात: २५ प्रश्नांच्या पेढीतून प्रत्येक वेळी पाच, पाचपैकी चार बरोबर आल्यावरच मान्यता, प्रयत्नांना मर्यादा नाही, पण दोन प्रयत्नांत दहा मिनिटांचे अंतर. चार पर्यायांच्या प्रश्नांत नुसत्या अंदाजाने पाचपैकी किमान चार बरोबर येण्याची शक्यता ६४ त एक. ‘चूक की बरोबर’ प्रकारात तीच १६ त तीन होते, म्हणून तो प्रकार इथे नको. दहा मिनिटांची वाट पाहायला लागली की पाठ वाचणे स्वस्त पडते. प्रत्येक प्रयत्नानंतर बरोबर उत्तरे दाखवण्याची सोय मात्र बंद ठेवावी, नाहीतर ती वहीत उतरून वर्गभर फिरतात.

टंकलेल्या उत्तरांचा आपल्याकडे वेगळाच घोळ होतो. संगणक अक्षराला अक्षर जुळवतो. ‘विद्युत’ला हलन्त दिला की उत्तर चूक, देवनागरी अंक लिहिला आणि पेढीत इंग्रजी अंक असला की चूक. पोराला येत असूनही लाल फुली. बहुपर्यायी प्रश्न द्यावेत, किंवा पेढीत सगळी रूपे भरावीत.

विकत मंच न घेता हे ‘मूडल’ या संगणकावर अभ्यासक्रम चालवण्याच्या मंचावर होते. तो मोफत आहे आणि मराठीतही चालतो. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ‘मूडलबॉक्स’ हा मूडलचा तयार संच घातला की इंटरनेटशिवाय वर्गातल्या वर्गात वाय-फायवर मोहिमा चालतात. त्याच्या अंगच्या वाय-फायवर सगळा वर्ग एकदम आला तर अडखळतो. वायरने वेगळा राउटर जोडावा आणि व्हिडिओ टाळावेत. वीज अचानक गेली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकते, म्हणून पॉवर बँक आणि दर शनिवारी अभ्यासक्रमाची बॅकअप फाइल दुसरीकडे. कुलूप घालताना हमखास होणारी चूक अशी: पुढची मोहीम ‘मागची पूर्ण झाल्यावर’ उघडेल असे ठरवतात, पण ‘पूर्ण’ म्हणजे नुसते पान पाहणे, हीच अट राहून जाते. मग एका तासात सगळी दारे उघडी. शिक्षकाच्या खात्यातून हे कळत नाही, कारण शिक्षकाला कुलपे अडवतच नाहीत. एक खोटा विद्यार्थी तयार करून त्याच्या नावाने सगळी वाट चालून पाहावी. दोन मोहिमा एकमेकींच्या कुलपात अडकल्या असतील तर तेही तेव्हाच सापडते.

क्रमवारीचा तक्ता लावायचाच असेल तर मुलाला फक्त आपल्या वरचे आणि खालचे एक-दोन दिसावेत. मूडलला जोडता येणाऱ्या ‘लेव्हल अप’ या पुरवणीत ती सोय आहे. चाळिसावा क्रमांक भिंतीवर झळकवून कोणी अभ्यासाला लागत नाही. कॅनडात सुरू झालेल्या ‘क्लासक्राफ्ट’मध्ये तर गैरवर्तनाला खेळातल्या पात्राचे प्राणगुण कापले जात आणि ते संपून एक खेळाडू पडला की गटातल्या बाकीच्यांनाही फटका बसे. वर्ग शांत राहतो, हे खरे. पण एकाच्या चुकीचा राग बाकी चौघे त्याच्यावर मधल्या सुट्टीत काढतात. हा मंच २०२३ मध्ये हॉटन मिफ्लिन हार्कोर्ट या अमेरिकी प्रकाशन कंपनीने घेतला आणि त्याचा मूळ खेळ जून २०२४ अखेर बंद झाला. परक्याच्या सर्व्हरवर मोहिमा रचायच्या तर त्यांचा मजकूर आणि गुणपत्रक आपल्या संगणकावर उतरवून घेण्याची सोय आहे का, हे पहिल्या दिवशी तपासावे, शेवटच्या नव्हे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. नाव, फोटो आणि मोबाइल क्रमांक मागणाऱ्या मंचाऐवजी हजेरी क्रमांकावर खाते काढू देणारा मंच बरा.

नोंदींचे दुहेरी काम टाळता येते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आठवीपर्यंत आकारिक (शिकता शिकता होणाऱ्या) मूल्यमापनाची साधने ठरलेली आहेत: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे. प्रत्येक मोहिमेपुढे तिचे साधन लिहिले की लिंबाचा घट प्रात्यक्षिकात आणि पाच प्रश्नांची फेरी चाचणीत थेट जाते. संगणकच नसेल तर वर्गात मोहिमांची पाकिटे टांगावीत, पुढचे पाकीट सही झाल्यावरच द्यावे. पद्धत तीच राहते.

शिक्षण विभागाला विनंती एवढीच, की प्रशिक्षणात दिवसभर स्लाइड दाखवण्याऐवजी प्रत्येक शिक्षकाकडून एक मोहीम लिहून घ्यावी, ती शेजारच्या शिक्षकाने विद्यार्थी म्हणून करून पाहावी, आणि निदान एकदा तरी शेऱ्यासकट परत पाठवावी.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जि. सातारा