काकू, कोंबड्यांच्या पाण्याबद्दल आभार

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

मिनेसोटाच्या हिवाळ्यात आमच्या कोंबड्यांना प्यायला पाणी मिळतंय ते तुमच्यामुळे. फोनवर आभार मानायला जावं तर तुम्ही "ते राहू दे, अंडी किती देताहेत सांग" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इकडच्या थंड मुलखात परसात कोंबड्या पाळणारं आणखी एखादं मराठी घर असेल, तर त्यांच्याही कामी येईल.

आपल्याकडे कोंबडीच्या पाण्याची काळजी करायची ती एप्रिल-मेमध्ये, चोच वासून धापा टाकायला लागल्या की. इथलं सगळंच उलटं. 30 जानेवारी 2019 ला मिनियापोलिसचा पारा उणे 28 फॅरनहाइटवर, म्हणजे उणे 33 सेल्सियसवर उतरला होता. त्या थंडीतही तुमच्या कोंबड्या तगल्या होत्या, त्यामुळे तुमचा शब्द आमच्या घरी प्रमाण. कोंबडी पिसं फुगवून थंडी सोसते, पण तहान सोसत नाही. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागतं, आणि अंड्यात तरी काय, तीन चतुर्थांश पाणीच. भांडं गोठलं की ती दाणा कमी खाते, दाणा कमी पडला की अंगातली ऊब कमी होते, आणि मग अंडी थांबतात.

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं राहून आमची चर्चा चालली होती ती रात्रभर पाणी कसं पातळ ठेवायचं याची. तुम्ही मागून विचारलंत, "अरे, पण रात्री पितंय कोण?" एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम हलकं केलं. अंधार पडला की कोंबडी दांडीवर बसते ती उजाडेपर्यंत हलत नाही. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. सांभाळायचं तेवढंच. उजाडताना कोमट पाणी, दुपारी एकदा, आणि दांडीवर चढण्याआधी साडेतीनच्या सुमारास शेवटचं. ते शेवटचं चुकवायचं नाही हे तुम्ही दोनदा बजावलंत, कारण रात्रीसाठी गळ्यातली पिशवी दाण्यांनी भरून घेतात तेव्हा त्यांना पाणी हवंच असतं.

रात्री खुराड्यातून भांडं बाहेर काढण्यामागे दुसरंही कारण होतं, ते मला पुढे कळलं. हिमदंश थंडीने होतोच, पण दमटपणाने आणखी लवकर होतो. कोंबड्यांचा श्वास, विष्ठा आणि वर उघडं पाणी, अशी वाफ कोंडली की तुऱ्याची टोकं काळी पडतात. म्हणून तुम्ही आम्हाला छपराजवळच्या झडपा हिवाळाभर उघड्या ठेवायला लावल्यात. बायकोचा जीव होत नव्हता. वारा दांडीवर येत नाही ना, एवढं बघ, म्हणालात.

आणि ते काळं रबरी घमेलं! शेतीच्या दुकानात कोपऱ्यात पडलेलं, दिसायला अगदी गरीब. प्लॅस्टिकचं भांडं बर्फाने तडकतं, हे तडकत नाही. सकाळी उपडं करायचं, बुटाच्या टाचेने कडेला दाबायचं, की कडकन आवाज होऊन ताटाएवढी बर्फाची चकती बाहेर पडते, आत भुशाचे कण आणि एखादं तांबूस पीस अडकलेलं. कोंबड्या तीही टोचून बघतात. ऊन असलं तर काळा रंग थोडी ऊब धरतो, तो नफा वेगळा.

आम्ही दोघं कामावर असतो त्या दिवसांसाठी तुम्ही विजेची सोय सांगितलीत: पत्र्याच्या ड्रिंकरखाली, म्हणजे पाणी पिण्याच्या भांड्याखाली, थर्मोस्टॅटवाली तापणारी बैठक, पारा गोठणबिंदूजवळ आला की आपोआप चालू होणारी. तिच्यावर प्लॅस्टिकचं भांडं ठेवायचं नाही. दुसरी सोय बादलीला आडवे निपल, म्हणजे चोचीने दाबलं की पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या, आणि आत छोटा हीटर. निपलने चोचीखालचे लोंबते कल्ले भिजत नाहीत, त्यामुळे ते गारठतही नाहीत. फार कडाक्यात मात्र निपलचं टोक गोठतंच, बादली कितीही कोमट असो. तेव्हा पुन्हा घमेलं.

तापवायचा लाल दिवा लावा असं आम्हाला ज्याने त्याने सांगितलं. तुमचं उत्तर मी खुराड्याच्या दारावर लिहून ठेवलंय: "कोरडा भुसा, पिसं आणि 250 वॅटचा दिवा एका खोलीत झोपवायचे नाहीत." वायर घराबाहेर वापरण्यासाठी बनवलेली, जाड, करंट गळला तर आपोआप तोडणारा प्लग, जोड बर्फात लोळणार नाही असा उंच. हे सगळं तुम्ही स्वतः येऊन, हातमोजे काढून, तपासलंत. त्या थंडीत हातमोजे काढणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

मिठाच्या पाण्याची बाटली भांड्यात तरंगत ठेवण्याच्या युक्तीवर तुम्ही हसलात, तेही बरं झालं. घट्ट मिठाचं पाणी उणे 21 सेल्सियसपर्यंत गोठत नाही हे खरं, पण त्याने बाटलीतलं पाणी पातळ राहतं, बाहेरचं शून्यालाच धरतं. बाटली हलत राहील तेवढाच काय तो फायदा. आणि मीठ थेट पिण्याच्या पाण्यात टाकणं म्हणजे कोंबडीच्या जिवाशी खेळ.

आता एक काम. आमच्या लेगहॉर्न जातीच्या कोंबडीचा तुरा भलताच मोठा, तिचीच धास्ती असते. तुम्ही म्हणाला होतात ती कॅनडातल्या क्वेबेकची शांतक्लेर जातीची कोंबडी, ओकाच्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी खास तिकडच्या थंडीसाठी तयार केलेली, जिचा तुरा जेमतेम बोराएवढा असतो. वसंतात तुम्ही तिची पिल्लं मागवाल तेव्हा आमचीही चार त्यातच धरा. पैसे आणि तुमचे अंड्यांचे रिकामे खोके घेऊन रविवारी येतो. खोके परत दिले नाहीत म्हणून तुम्ही काकांना बोलत होतात, पण ते आमच्याकडेच आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमचं जुनं अंड्यांचं गिऱ्हाईक