मालबोर्कचा भुईकोट आणि आपल्या गडांच्या नोंदी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी पोलंडमधील मालबोर्कचा किल्ला पाहण्याचा योग आला. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या कोल्हापूरकराला तो देश अगदीच परका वाटत नव्हता. हा किल्ला मात्र मला पूर्णपणे नवा होता आणि तेथे जे शिकायला मिळाले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, असे फार वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

ग्दान्स्कहून निघालेली गाडी नोगात नदीच्या पुलावर आली की पलीकडच्या काठावर लाल विटांचा प्रचंड भुईकोट दिसू लागतो. त्याचा विस्तार सुमारे २१ हेक्टर, म्हणजे ५२ एकरांच्या आसपास आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने तो बांधायला घेतला आणि १३०९ मध्ये त्यांच्या प्रमुखाने व्हेनिसहून आपले ठाणे येथे हलवले. कडाक्याच्या थंडीवर त्यांनी काढलेला उपाय मी बराच वेळ पाहत उभा होतो: तळघरातील भट्टीत दगड तापवायचे आणि त्यांची ऊब फरशीतील झाकणे लावलेल्या भोकांवाटे वरच्या दालनात सोडायची. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईत संघाचा दारुण पराभव झाला, तरी त्यानंतरच्या वेढ्यात हा किल्ला पडला नाही. अखेर १४५७ मध्ये पोलंडच्या राजाने तो चक्क विकत घेतला, कारण पगार थकल्यामुळे संघाने तो आपल्याच भाडोत्री सैनिकांकडे गहाण ठेवला होता.

परंतु मला अधिक मोलाचा वाटला तो किल्ल्याच्या पडझडीचा आणि जीर्णोद्धाराचा इतिहास. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाल्यावर किल्ला प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. त्यांनी तेथे सैन्याच्या बराकी केल्या आणि पुढे धान्याची कोठारे करण्यासाठी जुन्या कमानी छतांवर पहारी चालवल्या. त्याच सुमारास फ्रीडरिष गिली या तरुण वास्तुरचनाकाराने काढलेली किल्ल्याची चित्रे बर्लिनमध्ये लोकांनी पाहिली, आणि १८०३ मध्ये माक्स फॉन शेंकेनडॉर्फ या जेमतेम विशीतल्या कवीने या तोडफोडीविरुद्ध बर्लिनच्या एका वृत्तपत्रात लेख लिहिला. पुढच्याच वर्षी राजाज्ञा निघून पाडकाम थांबले. वृत्तपत्रातील एका मजकुराला एवढे यश आल्याचे ऐकून मला जो आनंद झाला, तो आपणही समजू शकाल.

१८८२ पासून तब्बल चाळीस वर्षे कॉनराड श्टाइनब्रेख्त यांनी या किल्ल्याच्या जीर्णोद्धाराला वाहून घेतले. दुरुस्तीआधी तपासणी, मोजमापे आणि आराखडे ही त्यांची शिस्त होती. १९४५ च्या लढाईत निम्म्याहून अधिक किल्ला ढासळला. तो पुन्हा उभा राहू शकला, तो मुख्यतः आधीच्या जतनकारांनी करून ठेवलेल्या तपशीलवार नोंदींमुळे. २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या सेंट मेरी चर्चच्या कामात तर युद्धाचे घाव मुद्दाम राखले आहेत, त्यामुळे जुने काय आणि नवे काय हे सामान्य पर्यटकालाही कळते. माझ्या मते हा प्रामाणिकपणा नव्या चकचकीत गिलाव्यापेक्षा शतपटीने सुंदर आहे.

मालबोर्क १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. जुलै २०२५ मध्ये त्याच यादीत शिवनेरी, राजगड, रायगड, पन्हाळा यांच्यासह आपले १२ किल्ले दाखल झाले, त्यांपैकी जिंजी तमिळनाडूत आणि बाकीचे ११ महाराष्ट्रात आहेत. आता या गडांवर कामे वाढतील आणि ती व्हायलाच हवीत. मात्र १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरील वाडे जळाले आणि आज त्यांचे रूप आपण उरलेल्या जोत्यांवरून अंदाजाने ठरवतो, हे विसरता येत नाही. म्हणून कोणत्याही तटावर नवा चिरा बसवण्यापूर्वी त्या जागेची छायाचित्रे, मोजमापे आणि आराखडे तयार करावेत, ते लोकांना मराठीतून पाहायला मिळावेत, आणि नव्या बांधकामावर ते कोणत्या वर्षी झाले याची खूण असावी, अशी माझी संबंधित खात्यांना कळकळीची विनंती आहे. काही ठिकाणी अशा नोंदी झाल्याही असतील. त्या कार्यालयातील कपाटात न राहता गडाच्या पायथ्याशी फलकावर दिसाव्यात. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा आणि १२ पैकी कोणत्या गडाच्या कोणत्या नोंदी आज लोकांना पाहता येतात, याची माहिती क्रमाने प्रसिद्ध करावी.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर