माळावरच्या उघड्या विहिरींना कठडे हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तेवीस वर्षं मी बार्शी गाडीवर कंडक्टर होतो. नान्नजचा माळ रोज खिडकीतून दिसायचा, पायी तुडवला तो निवृत्त झाल्यावर. शाकंभरी पौर्णिमेच्या आदल्या रात्री आम्ही पाचजण नान्नजहून मार्डीच्या यमाईला चालत जातो. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही, म्हणून बाहेरची गाडीवाट धरतो.

यंदा रात्री दोनच्या सुमारास धुई उतरली. सोलापूरकरांना धुक्याचं अप्रूप, आम्हीही आधी खूश झालो. चांदणं चहूकडे होतं, पण चंद्र कुठे आहे ते कळेना. बॅटरी लावली की समोर पांढरी भिंत, उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर. म्हणून बॅटऱ्या बंद केल्या. पायाखाली मुरूम करकरला तर वाट बरोबर, पायजम्याला कुसळं टोचली तर चुकली, एवढीच खूण. टिटवी तेवढी ओरडत होती.

कुसळं टोचली म्हणून मी काठी पुढे टेकवली, तर ती खाली जातच राहिली. मेव्हण्यानं मागून सदरा धरून ओढलं. पायाखालचा खडा सुटला. आम्ही श्वास रोखून उभे. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला.

देवीचं दर्शन घेऊन सकाळी परत तिथेच गेलो. जमिनीच्या पातळीला उघडी विहीर, काठावरचं गवत आत वाकलेलं, आडवी टाकलेली बाभळीची एक वाळकी शिरी. जवळच वाडा टाकलेल्या धनगरानं सांगितलं, "पावसाळ्यात माझी गाभण मेंढी ह्याच्यातच गेली." कठड्यासाठी अर्ज देऊन झालेत म्हणे, उत्तर नाही.

बोअर मारलं की जुनी विहीर कुणाच्याच लक्षात राहत नाही. अभयारण्य १९७९ पासून आहे, पण लांडगा, खोकड, काळवीट हद्द ओळखत नाहीत. ते ह्याच माळावर फिरतात. सरळ तोडलेल्या खडकातून आत पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही. मला ओढायला मेव्हणा होता.

कुणी म्हणेल, रात्री माळावर जाताच कशाला? धनगर तर तिथेच झोपतो, त्यानं कुठे जायचं? कंबरेइतका दगडी कठडा पुरेल, दगड तिथेच पडलेत. विहीर मालकीची असो की बेवारस, संबंधितांनी माळालगतच्या सगळ्या विहिरी एकदा चालत जाऊन पाहाव्यात. गाडीतून त्या दिसणार नाहीत. मला तेवीस वर्षांत एकही दिसली नव्हती.

त्या विहिरीभोवती आम्ही चुना फासलेले दगड मांडून आलो आहोत. पहिल्या पावसात चुना धुऊन जाईल.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सोलापूर